नळीची वाट

हरिश्चंद्रगडाच्या घरातल्या इतर वाटा तुमच्या ओळखीच्या असतील. पाचनईची वाट तर पहिल्याच भेटीत कुणालाही आपलंसं करते. मंगळगंगेच्या कडेकडेने, पुढे झुकलेल्या कातळाच्या सावलीतून, दोन-तीन तासांत ती तुम्हाला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी आणून सोडते. वाटेत लिंबू सरबत पाजते, वर पिठलं-भाकरीची सोय बघते. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट घरातली थोरली. तिचा थाट जुना. पायथ्याला नागेश्वराचं कोरीव देऊळ, खिंडीत दगडावर कोरलेला वाघ, पुढच्या कातळावर धरायला लोखंडी रेलिंग. धुकं उतरलं की मात्र थोरलीला स्वतःलाच आठवत नाही की आपण कुठल्या टेकडीवरून कुठल्या टेकडीकडे निघालो होतो. तिच्या भरवशावर निघालेली मंडळी मग एकाच झाडाला पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घालतात.

मला ओळख करून द्यायची आहे ती धाकटीची. ही कोकणात राहते. मुरबाडहून निघालात की माळशेज घाट लागायच्या आधी डावीकडे आत बेलपाडा नावाचं गाव आहे, तिथे. बाकीच्या दोघी देशावरून सरळ अंगणातून घरात शिरतात. ही मागून येते, कोकणकड्याला खेटून, उभ्या घळीतून. पायथा ठाणे जिल्ह्यात, माथा अहिल्यानगर जिल्ह्यात आणि मधे हजार मीटरहून जास्त चढ. नाव नळीची वाट. स्वभाव तिखट. पण एवढं सरळ वागणारं माणूसही मला फारसं भेटलेलं नाही.

बेलपाड्यात तिची गाठ पडते तेव्हा ती अगदी सोज्वळ असते. भातखाचरांचे बांध, पळस, ऐन, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली लाल माती. हिच्याविषयी एवढं काय ऐकलं होतं आपण, असं वाटतं. पण गावाबाहेर पडल्यावर अर्ध्या तासातच ती पहिली परीक्षा घेते. कशी, तर चक्क नाहीशी होऊन. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा, लाकूडफाट्याला जाणाऱ्यांच्या वाटा, ओढ्यावर पाण्याला उतरणाऱ्या वाटा, या सगळ्यांत ती स्वतःला मिसळून टाकते. ढोरवाट नेहमी जास्त रुंद आणि जास्त मळलेली असते, त्यामुळे नवखा माणूस आनंदाने तिच्यामागे जातो आणि कारवीच्या गचपणात जाऊन थांबतो. धाकटी तोवर मुकाट्याने ओढ्यात उतरलेली असते. तिला शोधायचं तर ओढा सोडायचा नाही, हे तिच्या घरच्यांना माहीत आहे. पाहुण्यांना ते विचारावं लागतं.

ओढ्यात उतरलं की ती बोलायला लागते. बोलते धोंड्यांमधून. माठाएवढे, बैलगाडीएवढे, खोलीएवढे धोंडे. त्यातला एकही तिथला नाही, सगळे वरून आलेले. काहींच्या कडा अजून धारदार आहेत म्हणजे अलीकडे आले. काही पाण्याने घासून गुळगुळीत झालेत म्हणजे जुनी मंडळी. चालता चालता एखाद्या धोंड्याजवळ वाकून बघा. काळ्या दगडात हरभऱ्याएवढी भोकं दिसतील आणि त्यातल्या बऱ्याच भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं. नखाने टोकरलं तर निघत नाही. ऊन तिरपं पडलं की चमकतं. कधी काळी तो खडक वितळलेला होता, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, खडक थिजला आणि पुढे पाण्याने आणलेल्या खनिजांनी त्या पोकळ्या भरल्या. धाकटीला दागिन्यांची हौस आहे ती एवढीच. आणि ते दागिने ती पायाखाली टाकून ठेवते.

इथे तिच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय तिचा स्वभाव कळणार नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी फुटला, असं इथे झालं नाही. लाव्हा आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. भाकऱ्यांची चवड लागावी तसे थरावर थर चढत गेले. आजही 5 लाख चौरस किलोमीटरच्या वर प्रदेश त्या थरांखाली आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पुढे पश्चिमेची जमीन तुटली, सेशेल्सचा तुकडा भारतापासून दूर गेला, आणि उरलेल्या कडेला पावसाने कोरायला घेतलं. ते काम अजून चालू आहे.

आता यातली खोच अशी की प्रत्येक थराचा पोटातला खडक घट्ट असतो आणि माथ्याचा, बुडबुड्यांनी भरलेला, ठिसूळ. घट्ट खडक उभा राहतो, त्याचा कडा होतो. ठिसूळ झिजतो, तिथे पायरी पडते, मातीला बसायला जागा मिळते आणि झाडी उगवते. डोंगरातली माणसं त्या पायरीला पदर म्हणतात. सह्याद्रीतली कुठलीही घाटवाट बघा, ती पदरांवरून आडवी जाते आणि कडे चुकवते. आडवं जाताना एखादी फट, एखादी सोंड सापडली की वरच्या पदरावर चढते. शहाणी वाट तशीच वागणार. धाकटीला हे वळसे मान्य नाहीत. कड्याच्या दगडात थिजतानाच उभ्या भेगा पडलेल्या असतात. पावसाचं पाणी त्यांत शिरतं, दगड सुटे करतं, खाली ढकलतं आणि भेगेची घळ होते. पाण्याने केलेल्या त्या वाटेवरून ही सरळ वर निघते. त्यामुळे हिच्यावर चालताना एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो: धोंडे, मग अचानक उभा कातळ, मग जेमतेम बूड टेकण्याएवढी पायरी, मग पुन्हा धोंडे. थर मोजत मोजत आपण वर चढत असतो, फक्त दमल्यामुळे ते लक्षात येत नाही.

याच घराण्यात नाणेघाट आहे. ती हिची श्रीमंत आत्या म्हणा. फरसबंद वाट, सातवाहनांच्या काळची गुहा, भिंतींवर ब्राह्मीतला नागनिकेचा लेख, वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. दोन हजार वर्षं तिच्या अंगावरून कोकण आणि देश यांच्यामधला माल गेला. धाकटीकडे यातलं काही नाही. बैल, घोडा, गाढव, ओझ्याचं कुठलंच जनावर हिच्यावरून चढू शकत नाही. राजाने बांधलेली पायरी नाही, लेख नाही, जकात नाही. माणसाने स्वतःच्या हातापायांवर यावं, डोक्यावर पेलेल तेवढंच आणावं, अशी तिची अट. आणि ही अट तिने कुणासाठीही सैल केलेली नाही.

तिच्या सवयी माहीत करून घ्या, उपयोगी पडतील. ती उशिरा उठते. तोंड पश्चिमेला, पाठीशी एवढा मोठा गड, त्यामुळे सकाळचं ऊन तिच्यापर्यंत पोचतच नाही. खाली बेलपाड्याची कौलं उन्हात न्हाऊन निघालेली असतात तेव्हा नळीत अजून गारवा असतो, दगडांना हात लावला की थंड लागतात. हीच वेळ तिच्याशी बोलायची. दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि घळीच्या दोन्ही भिंती तापतात. तोवर आपण वर नसू तर तिचा पारा चढलेला असतो, आणि तो मग संध्याकाळपर्यंत उतरत नाही. पाणी ती देत नाही. ओढ्यात डिसेंबर-जानेवारीपर्यंत कुठेकुठे डबकं सापडतं. एकदा नळी सुरू झाली की पाठीवर असेल तेवढंच आपलं. माणशी चार लिटर घेऊन निघणारे तिला समजूतदार वाटतात. दोन बाटल्या आणि भरपूर उत्साह घेऊन आलेल्यांना ती दुपारी दोन वाजता शांतपणे जमाखर्च समजावते.

राग हा तिचा प्रसिद्ध गुण. हा राग घसाऱ्यात असतो. घसारा म्हणजे उतारावर साचलेले सुटे दगड आणि भुगा. त्यावर पाय ठेवला की पाय आपला राहत नाही. एका जागी निवांत पडून असलेला नारळाएवढा दगड कुणाच्या तरी बुटाने हलतो आणि निघतो. मोकळ्या डोंगरावर असा दगड कुठेही जाऊ शकतो. नळीत त्याला जायला एकच जागा, जिथून तुमच्या मागची माणसं चढत असतात तीच. म्हणून इथे जुनी मंडळी एकामागोमाग लांब रांग लावत नाहीत. तीन-चार जण अगदी जवळजवळ चालतात, म्हणजे दगड सुटलाच तरी त्याला वेग घ्यायला अंतर मिळत नाही. नाहीतर वरचा गट आडोशाला पोचेपर्यंत खालचा गट कपारीत थांबून राहतो. दगड सुटला की कुणाचा होता याची चौकशी नंतर. आधी घसा फोडून ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. डोक्यावर हेल्मेट हवंच. ते न घालणाऱ्यांना मी तरी तिच्याकडे घेऊन जाणार नाही.

मधे कातळटप्पे लागतात. ट्रेकर त्यांना रॉक पॅच म्हणतात. उंची फार नाही, पण इथे ती तुमचं सगळं लक्ष मागते. उजवा पाय कुठे, डावा हात कुठे, याशिवाय दुसरा विचार केलेला तिला खपत नाही. पुढे एक आडवी वाट आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाऊल टाकायला जागा तशी पुरेशी असते. जमिनीवर तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यावरून कुणीही गप्पा मारत चालेल. त्रास होतो तो नजरेला. याला डोंगरात दृष्टिभय म्हणतात, आणि दहा वर्षं डोंगरात काढलेल्या माणसालाही ते एखाद्या दिवशी अचानक गाठतं. अशा वेळी धाकटी चिडवत नाही, घाईही करत नाही. तोंड भिंतीकडे करून दोन मिनिटं उभे राहा, श्वास जागेवर येऊ द्या, दोर लावून घ्या. ती थांबते. तिचा राग बेफिकिरीवर असतो, भीतीवर कधीच नसतो.

तिचा खरा जीव आहे तो बेलपाड्यातल्या वाटाड्यांवर. एरवी पाहुण्यांशी चार हात अंतर ठेवून वागणारी ही बाई त्यांच्या पायाखाली किती मऊ होते ते बघण्यासारखं आहे. आपण महागडे बूट घालून चाचपडत असतो आणि वाटाड्या रबरी बुटांत, खांद्यावर आपल्यातल्याच कुणाची तरी सॅक घेऊन, बोलत बोलत वर जातो. एक गोष्ट मात्र नीट बघा. कुठल्याही खोबणीत हात घालून भार देण्याआधी तो त्या दगडावर तळहाताने थाप मारतो. घट्ट दगडाचा आवाज बद्द येतो, सुटा झालेला दगड पोकळ वाजतो. पोकळ वाजला की तो काही न बोलता हात उचलतो आणि दुसरीकडे घालतो. मागून येणाऱ्याला फक्त म्हणतो, ‘याला धरू नका, दादा.’ हे त्याला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. मध, लाकूड, चुकलेलं वासरू, वरच्या गावातली सोयरीक, महाशिवरात्रीची जत्रा, अशा कामांसाठी डोंगरातली माणसं पिढ्यान्पिढ्या या घळी चढत आली. वाट अशीच टिकते. एखादं वर्ष कुणी फिरकलं नाही तर कारवी आणि दगड मिळून तिला पुसून टाकतील.

कारवीचं आणि तिचं नातंही गमतीचं. सहा वर्षं कारवी नुसती अंगावर येऊन अडवत असते, सातव्या-आठव्या वर्षी एकदम जांभळी होते. त्या वर्षी धाकटी नटलेली असते आणि मधमाश्या तिच्या कामाला लागलेल्या असतात. कड्यांवर आग्या मोहोळं लटकत असतात. त्यांच्या जवळपास अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही चालत नाही. हा तिचा नियम नाही, त्यांचा आहे, पण ती तो मोडू देत नाही.

पावसाळ्यात ती कुणालाही भेटत नाही. जून ते सप्टेंबर ती नळी पाण्याची असते. वरच्या पठारावर पडलेलं पाणी घळीत घुसतं, सोबत दगड आणतं, आणि गेल्या वर्षी आपण ज्या धोंड्यावर बसून चिक्की खाल्ली तो यंदा जागेवर असेल याची खात्री नाही. दरवर्षी तिचा चेहरा थोडा बदलतो तो यामुळे. पाऊस थांबल्यावरही महिनाभर शेवाळ आणि ओलं गवत असतं. ज्यांना धबधबे बघायचेत त्यांच्यासाठी माळशेज आहे, पाचनई आहे. इथे पावसात येऊ नये. या एका बाबतीत तिच्याशी वाद घालणाऱ्याची बाजू घेणं मला जमणार नाही.

अभिमान तिला एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे कोकणकडा. लोक गडावर चालत येतात, पोटावर पालथे पडतात, कड्याच्या काठावरून मान पुढे काढून खाली बघतात आणि कोकणकडा बघितला म्हणतात. त्यांनी कड्याच्या टाचेखालची पोकळी बघितली, कडा नाही. हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, प्रचंड अर्धगोल, आणि त्याचं अंग दिसतं ते बाजूने, नळीतून चढताना. एका वळणावर धाकटी भिंत जरा बाजूला सारते आणि तो समोर येतो. लाव्हाचे आडवे थर एकावर एक स्पष्ट मोजता येतात, मधल्या पायऱ्यांवर गवताच्या पिवळ्या रेघा, खाली वारा वर चढतानाचा आवाज. त्या वाऱ्याला एवढा जोर असतो की काठावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. इंद्रवज्राचा मान मात्र कड्याच्या काठाला आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि खाली कोकणात ढग असले की पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि मधोमध बघणाऱ्याची सावली. कर्नल साइक्सने दख्खनच्या हवामानावरच्या 1835 साली छापलेल्या निबंधात हरिश्चंद्रगडावर दिसलेल्या अशा वर्तुळाचं वर्णन केलं आहे. धाकटी त्यावरून रुसत नाही. अख्खा कडा एका नजरेत दाखवण्याचं काम तिच्याकडे आहे, तेवढं तिला पुरतं.

गेल्या काही वर्षांत तिच्या वागण्यात थोडा कडवटपणा आलाय आणि त्याला ती जबाबदार नाही. शनिवार-रविवारी गटच्या गट येतात. कुणीतरी दगडांवर रंगाने बाण काढून ठेवलेत. त्यातले काही चुकीच्या दिशेला आहेत, कारण काढणाराच चुकला होता. त्यापेक्षा दगडावर दगड ठेवून केलेल्या लगोऱ्या बऱ्या. त्या पावसात पडतात आणि पुढच्या वर्षी माहीतगार माणूस पुन्हा लावतो. कातळटप्प्यांवर लोक जुने दोर सोडून जातात. असा लोंबणारा दोर दिसला की हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. नायलॉन उन्हात कुजतं, वरून धडधाकट दिसतं आणि आतून गेलेलं असतं. बिस्किटांचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या यांविषयी वेगळं काय सांगायचं? एवढी देखणी, एवढी स्वच्छ वाट, आणि कपारीत हिरवी बाटली बघितली की मला फार वाईट वाटतं.

शेवटी ती निरोप घेत नाही. आपण मान खाली घालून शेवटचा घसारा चढत असतो, आणि अचानक वारा बदलतो, समोर गवताचं सपाट पठार येतं आणि वाट संपलेली असते. मागे वळून बघितलं तर ती कुठून आली तेही कळत नाही. पुढे मग गडाचं राज्य. तारामतीचं शिखर, केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातलं भलंमोठं शिवलिंग, त्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एक, आणि ज्या देवळाच्या परिसरात चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ लिहिलं असं सांगतात ते हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ. तिथे दिवसभराची धूळ धुऊन बसलात की धाकटीचं वागणं हळूहळू उलगडायला लागतं. कुठे आपण घाई केली, कुठे तिने सांभाळून घेतलं, ते सगळं.

तिला भेटायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधे जा. आदल्या रात्री बेलपाड्यात मुक्काम करा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याचे पैसे ठरवताना घासाघीस करू नका. पहाटे पाचला निघा, पाणी भरपूर घ्या, दोर आणि हेल्मेट घ्या, आणि दोर लावायला येणारा माणूस सोबत असू द्या. चढाईला सात-आठ तास धरून चाला. उतरताना तिच्याकडे परत जायचं नाही. बेलपाड्यालाच परतायचं असेल तर साधले घाट आहे, गुडघे दमले असतील तर सरळ पाचनईला उतरा. आणि सॅकमधे एक रिकामी पिशवी ठेवा, वाटेतल्या बाटल्या उचलायला.